नसलेली जाळी

दादानं जाळी उचलली नव्हती. उचलायला तिथं जाळीच नव्हती.

हे माझं एवढ्या लोकांना सांगून झालंय की आता मी तोंड उघडायच्या आधीच समोरचा मान हलवतो. "बरं बाई, नव्हती." मग फोन काढतो आणि मलाच व्हिडिओ दाखवतो. व्हिडिओत जाळी आहे. लोखंडी, पिवळीधमक, हात आत जाऊ नये म्हणून रोलरवर नीट बसवलेली. दादा येतो, डाव्या हातानं जाळी वर करतो आणि उजवा हात आत घालतो. पुढचं कोण बघत नाही. तिथंच बंद करतात आणि माझ्याकडं असं बघतात, जसं काय मीच खोटारडी.

दादा म्हणजे सुजय, माझा मोठा भाऊ. इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये कामाला होता. सूत मागावर चढवायच्या आधी खळीत बुडवतात आणि दोन जाड रोलरांमधनं पिळून काढतात, ते काम. त्या दोन रोलरांत दादाचा उजवा हात गेला. मनगटापासून. शेजारच्या मशीनवरचा इर्शादभाई तेव्हा शूटिंग करत होता, कारण रोलर कुरकुरत होता आणि फिटरला आवाज ऐकवायचा होता. म्हणून सगळं व्हिडिओत आलं. आलं आणि बदललं.

मालक म्हणाला, पोरानं स्वतःच जाळी वर केली, आम्ही काय करणार. कामगार ऑफिसात केस गेली. गावात मात्र निकाल आधीच लागला होता. सलूनमध्ये, चहाच्या गाड्यावर, दादाच्या सासरी. सासरी म्हणजे होणाऱ्या. ते नंतर झालंच नाही. मुलीचा बाप म्हणाला, हात गेला त्याचं काही नाही हो, पण अक्कल पण नाही म्हटल्यावर...

आता ही जाळी आली कुठनं, ते सांगते.

पूर्वी फोटो काढला की फोनमध्ये राहायचा आणि त्याची एक कॉपी वर, कंपनीच्या गोदामात जायची. नुसती मशीनं भरलेली गोदामं. त्यांना वीज लागायची, गार ठेवायला पाणी लागायचं, आणि लोकांचे फोटो काय संपेनात. मग कंपन्यांनी युक्ती काढली. फोटो ठेवायचाच नाही. फोटोत काय काय आहे त्याचं बारकं टिपण ठेवायचं आणि माणसानं मागितला की त्या टिपणावरनं फोटो नव्यानं काढून द्यायचा. व्हिडिओचं पण तसंच. जागा एकदम कमी लागते, आणि चित्र पहिल्यापेक्षा चकाचक येतं. लोक खूश.

आमच्या गावाला हे समजवायला लागत नाही. कापडाचे तागे ठेवायचे तर गोदाम पाहिजे. डिझाईन ठेवायला खिसा पुरतो. तागा विका, डिझाईन ठेवा, लागेल तेव्हा परत विणा. फक्त एक आहे. पहिल्या ताग्यात एखादा धागा तुटला असेल, तर दुसऱ्यात तो तुटलेला येत नाही. डिझाईनमध्ये तुटलेला धागा कोण काढतं?

दादाच्या मशीनवर जाळी नव्हती, हा तुटलेला धागा. वरच्या यंत्रानं जगभरातल्या कारखान्यांचे रोलर बघितलेत आणि सगळ्यांवर जाळी बघितलीय. मग ह्याच्यावर पण असणारच, असं धरून त्यानं ती काढली. आता जाळी असल्यावर हात आत कसा जाणार? म्हणून दादाचा डावा हात वर नेला. यंत्राला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. त्याला गोष्ट जुळवायची होती.

आणि खरा व्हिडिओ माझ्याकडं होता.

नववीत शाळा सोडल्यापासून मी घरात मोडक्या वस्तू उघडत बसायची. पप्पा लवकर गेले. त्यांच्या एका फोटोत शर्टाचं वरचं बटण काळं होतं, आईनं घाईत लावलेलं. बाकीची पांढरी. एक दिवस फोटो उघडला तर सगळी पांढरी. आईला दाखवलं, तर म्हणाली, "बरं दिसतंय की." माझं डोस्कंच फिरलं. मी म्हटलं, आता जे काय उरलंय ते घरात ठेवायचं.

गावातली एक पतसंस्था बंद पडली होती, तिचे जुने कॉम्प्युटर भंगारवाल्याकडं ढिगानं पडलेले. त्यातनं एक पत्र्याचा डबा उचलला, एका फुटक्या लॅपटॉपची मेमरी त्यात बसते का बघितलं, बसली. स्क्रीन लागत नाही, कीबोर्ड लागत नाही. अशा मशीननं फक्त चालू राहायचं आणि मागितलं की फाईल द्यायची. फुकटातली एक सिस्टीम टाकली, वायर राऊटरला जोडली. हार्डडिस्क मात्र ढिगातल्या बहुतेक मेलेल्या. हार्डडिस्क म्हणजे लोखंडी डबी असते, आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावर एक सुई टेकता टेकता राहिल्यासारखी तरंगते. दोनच डिस्क जिवंत सापडल्या, जुळ्या, एकाच खेपेतल्या. एकीवर जे लिहिलं ते दुसरीवर आपोआप तसंच लिहायचं, असं लावलं. एक गेली तर दुसरी आहे. आणि मशीन रोज प्रत्येक फाईलची मोजदाद करून एक आकडा काढायचं. आकडा कालचाच आला, म्हणजे फाईलमधला कणसुद्धा हललेला नाही.

पप्पांचे माग विकल्यापासून पुढची खोली रिकामी होती. तिथं स्टुलावर ते ठेवलं. दिवसभर घूं करायचं.

दादाला हॉस्पिटलात नेलं तेव्हा इर्शादभाई तिथं भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या हातातला फोन मी हिसकावला, नेट बंद केलं आणि घरी पळाले. व्हिडिओ अजून वर गेला नव्हता. केबल लावून फाईल मशीनमध्ये ओढून घेतली. फोन परत दिला, त्यानं नेट चालू केलं, व्हिडिओ वर गेला, फोनमधला पुसला गेला. खरा एवढाच राहिला, माझ्या डब्यात.

दुसरीकडं कॉपी का नाही ठेवलीस, असं सगळे शहाणे विचारतात. कुठं ठेवू? आता नवीन काहीही घ्या, त्याच्या पोटात जागाच नसते. फाईल टाकली की वर जाते आणि वरनं सुधारून येते.

दादा घरी आला आणि व्हिडिओ बघायला लागला. फोनवरचा. डाव्या हातात फोन धरून, जेवताना, संडासात, पडल्या पडल्या. मी ओरडायची.

"कशाला बघालास तेच तेच? तो खोटाय!"

"मग खरा कुठला? तुझ्या डब्यातला?"

"ये, दाखवते."

जुना मॉनिटर जोडून दाखवला. अंधारा, हललेला व्हिडिओ. मागं रोलरचा कर्रकर्र आवाज. दादा येतो, सूत अडकलंय ते काढायला वाकतो. रोलर उघडे. जाळी नाही, जाळीची खूण पण नाही. मग हात जातो.

दादानं डोळे बारीक केले. "काय दिसालंय ह्यात? सगळा चिखल."

"रोलर दिसत नाहीत तुला? उघडे आहेत!"

"इशे, स्क्रीन जुना आहे गं. फोनवर कसं स्वच्छ दिसतंय."

"स्वच्छ म्हणून खरं होतं काय? तू तिथं होतास ना? तू सांग की, होती का जाळी?"

त्यानं फोन पालथा ठेवला. मग म्हणाला, "नव्हती. मला वाटतं, नव्हती."

वाटतं. त्या एका शब्दानं मी जेवढी घाबरले तेवढी हॉस्पिटलात पण घाबरले नव्हते.

कामगार ऑफिसात जोशीलकर मॅडम होत्या. बाई वाईट नव्हती. मी म्हटलं, खरा व्हिडिओ देते, तर म्हणाल्या, केसच्या साईटवर टाक. मी म्हटलं, टाकला की बदलणार. त्या म्हणाल्या, नियम आहे. टाकला. त्यांनी उघडला. पिवळी जाळी.

मी टेबलावर हात आपटला. पेनस्टँड पडला. शिपाई आत आला.

"असू द्या, असू द्या," मॅडम त्याला म्हणाल्या. मला म्हणाल्या, "बस खाली. नाव काय तुझं?"

"ईश्वरी म्हेत्रे."

"ईश्वरी, मी ह्या टेबलावर रोज असले व्हिडिओ बघते. सगळे सारखे यायला लागलेत. मला पण कळतं. पण मी स्वतः बघितल्याशिवाय लिहू शकत नाही. ते मशीन इथं आण."

"आणता येत नाही. बंद करायचं नाही ते."

हे मला कोल्हापूरच्या शहाकाकांनी सांगितलं होतं. पूर्वी ते डिस्क दुरुस्त करायचे, आता घड्याळं करतात. त्यांचं म्हणणं, त्या डिस्क पतसंस्थेत वर्षानुवर्षं न थांबता फिरल्यात. फिरतायत तोवर उबदार आहेत. थांबल्या की गार होणार, आतलं तेल गोठणार, सुई चकतीला जाऊन चिकटणार. भंगारातनं एकदा उठल्या ते नशीब, परत उठतीलच असं नाही. म्हातारं माणूस चालतंय तोवर चालतंय, एकदा अंथरुणाला लागलं की झालं. म्हणून मी जुन्या बॅटऱ्या जोडून ठेवल्या होत्या, लाईट गेली तरी मशीन फिरत राहायचं. पण फिरताना उचलून नेलं तर धक्क्यानं सुई चकतीला लागणार.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग कॅलेंडर बघितलं. "दसऱ्यानंतर मीच येते तुमच्या घरी. तुझ्या मशीनवर, तुझ्या मॉनिटरवर बघते आणि जे दिसेल ते माझ्या सहीनं लिहिते. तोवर चालू ठेव."

मी तिथनं घरापर्यंत चालत आले, रिक्षा न करता. पाय जमिनीला लागत नव्हते. घरी आल्या आल्या आईला सांगितलं, "ह्याला हात लावायचा नाही. कुणीच. कळलं?"

"कळलं की. ओरडतीस कशाला?"

का लावायचा नाही ते सांगितलं नाही. तेल, सुई, तिला काय कळणार, असं वाटलं.

खंडेनवमीच्या सकाळी आईनं मला झेंडू आणायला पाठवलं. बाजारात ही गर्दी. कारखान्यांच्या दारात केळीचे खुंट बांधलेले, ट्रकांना माळा. परत आले आणि दारातच कळलं. घरात आवाज नव्हता.

आई पुढच्या खोलीत पाटावर बसली होती. मशीन बंद. बॅटऱ्यांच्या वायरी सोडवून बाजूला गुंडाळून ठेवलेल्या. ओल्या फडक्यानं पुसून डबा चकचकीत केलेला, त्याच्यावर हळदीकुंकवाची बोटं. समोर विड्याची पानं, सुपारी, नारळ.

"किती धूळ होती गं," आई म्हणाली. हसत होती. "आण फुलं."

"कधी बंद केलंस?"

"सकाळी उठल्या उठल्या. म्हटलं गार होऊ दे जरा, मग पुसू."

मी फुलांची पिशवी तशीच टाकली आणि बटण दाबलं. पंखा फिरला. डिस्कमधनं बारीक घूं आला आणि थांबला. परत घूं. परत थांबला. एखाद्याला उठायचंय आणि कुणीतरी खांद्यावर दाबून बसलंय, तसा.

"आई, मी सांगितलं होतं हात लावू नको!"

"अगं, आज खंडेनवमी आहे. आज मशीन चालू ठेवतात काय? तुझे पप्पा होते तेव्हा दारात व्यापारी उभा राहिला तरी माग बंदच असायचे. वर्षातनं एक दिवस."

"हे काय माग आहे काय?"

"मशीन आहे ना!" आई पहिल्यांदाच ओरडली. "गेल्या वर्षी ह्याच दिवशी त्या सायझिंगवाल्यांनी बंद नाही ठेवलं. ऑर्डर होती म्हणून. पूजा पण नाही, काही नाही, रोलर चालूच. बघितलंस ना काय झालं ते? त्या दिवशी माझ्या पोराचा हात गेला. आणि माझ्या घरात मी आज मशीन चालू ठेवू? त्याच्याचसाठी केलं मी. ह्यातनं तो सुटणार म्हणालीस ना तू?"

मला माहीत होतं, अपघात खंडेनवमीला झाला. पण माझ्यासाठी ती नुसती तारीख होती.

मी जे बोलले ते बोलायला नको होतं. म्हटलं, "छान. पूजा केलीस. आता दुसरा हात पण दे त्याचा."

आई पुढं सरकली. पदरानं डब्यावरचं कुंकू पुसायला लागली. पुसलं जाईना, पत्र्यावर लाल फराटा ओढला गेला.

शहाकाका फोनवर म्हणाले, "काही करू नकोस. दोन्ही डिस्क काढ, रुमालात गुंडाळ, सणाचं सरलं की घेऊन ये. बटण परत दाबू नकोस." मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि खोलीत येरझारा घातल्या. मग एक डिस्क हातात घेतली. मनगटाला झटका दिला की चिकटलेली सुई सुटते, असं कुठंतरी बघितलं होतं. दिला. काही नाही. तळहातावर आपटली. परत जोडली. या वेळी फिरली. फिरली आणि आतनं असा आवाज आला, जसा विळीवर पत्रा घासावा. मी वायर उपटली. तोवर झालं होतं.

दुसरी कोल्हापूरला नेली. शहाकाकांनी टेबल पुसलं, पंखा बंद केला, भिंग लावलं आणि झाकण उघडलं. बघितलं, आणि चष्मा काढला.

"आपटलीस काय ही?"

"ही नाही. दुसरी."

"हिच्यात सुई तुटूनच अडकलीय. जुळ्या ना ह्या? एका वयाच्या, एका पाण्याच्या. पूर्वी पुण्यात एकजण दुसऱ्या डिस्कची सुई काढून बसवायचा. आता तसली डिस्क पण नाही आणि तो पण नाही." मग म्हणाले, "बस, चहा सांगतो."

मी नाही प्याले.

मॅडम म्हणाल्या होत्या तशा आल्या. आईनं खुर्ची दिली, सरबत केलं. मॅडम स्टुलाकडं बघत राहिल्या. लाल फराटा असलेला डबा, झाकण उघडं, आत डिस्कची जागा रिकामी.

"ईश्वरी, मी काय बघू?"

मी सगळं सांगितलं. तेल, सुई, आकडा, जुळ्या डिस्क. बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं, किती खोटं वाटतंय ते. अभ्यासाची वही कुत्र्यानं खाल्ली म्हणणाऱ्या पोरासारखं. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"माझा तुझ्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण विश्वास कागदावर लिहिता येत नाही. एक होऊ शकतं." त्या दादाकडं वळल्या. "सुजय, तू सांग. तू तिथं होतास. तू ठामपणे म्हणालास जाळी नव्हती, तर तुझा जबाब व्हिडिओच्या विरोधात ठेवते. लढता येईल. सांग."

दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. उजवी बाही खाली लोंबत होती. आईनं हात जोडले, कुणाला ते कळलं नाही.

"होती मॅडम," दादा म्हणाला.

"दादा!"

"इशे, बास. किती दिवस?" तो माझ्यावर चिडला नव्हता, तेच वाईट होतं. "मला आठवतंय आता. मीच वर केली. सकाळची वेळ, लोखंड गार लागलं होतं हाताला." आणि त्यानं डावा हात उघडून तळवा बघितला, जसा काय तो गारवा अजून तिथं आहे.

मॅडमनी लिहून घेतलं. त्यानं डाव्या हातानं सही केली. अजून नीट जमत नाही त्याला, नाव वरनं खाली घसरत जातं.

केस बंद झाली. मालकानं मोठं मन दाखवलं. पोरानं चूक कबूल केली म्हणून दादाला तिथंच गेटवर बसवलं. येणाऱ्या टेम्पोला दार उघडायचं, गेलेल्याला लावायचं. एका हातानं होतं. आई आता मला काही विचारत नाही, मी पण तिला काही सांगत नाही. ताट वाढते, मी जेवते.

परवा दादा जेवणाचा डबा विसरून गेला. मी घेऊन गेले. तो गेटवर नव्हता, आत होता, इर्शादभाईजवळ. मी आत गेले. अपघातानंतर पहिल्यांदा.

रोलरवर पिवळी जाळी होती.

खरीखुरी. मी बोटानं वाजवली. वाजली.

"ही कधी बसवली, इर्शादभाई?"

"कधी म्हणजे? पहिल्यापासनं आहे की."

"पहिल्यापासनं?"

"अगं, व्हिडिओ मी काढलाय. मला नसेल माहीत?" तो खरंच म्हणत होता. माझ्या डोळ्यांत बघून. खोटं बोलणारा माणूस मला लगेच कळतो. तो खोटं बोलत नव्हता.

मी खाली वाकले. सायझिंगमध्ये सगळ्यावर खळ असते. खांबांवर, पाईपांवर, माणसांच्या भुवयांवर पण. मशीनच्या प्रत्येक नटावर वाळलेल्या खळीचे थर. आणि जाळीचे चारही बोल्ट चकचकीत. पाना लागल्याचे ओरखडे पण ताजे.

"दादा, हिकडं ये. हे बघ. बोल्ट बघ! ह्यांच्यावर खळ कुठाय? बाकी सगळ्यावर आहे, ह्यांच्यावर का नाही?"

तो आला, वाकला, बघितलं. नीट बघितलं, माझी शपथ. मला वाटलं, आता. आता काहीतरी.

"बदलले असतील," तो म्हणाला. आणि माझ्या हातातनं डबा घेतला. "भाजी काय दिलीय?"

मी फोन काढला आणि फोटो काढला. अगदी जवळनं, चारही बोल्ट. दुसरं काय होतं माझ्याकडं?

घरी आल्यावर उघडला. फोटो एकदम स्पष्ट आला होता. बोल्टांवर खळ होती. जुनी, वाळलेली, थरावर थर.